हाताच्या शिरेतलं नॉरअ‍ॅड

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. नाईट ड्युट्या, लेकीची दहावी आणि मधेच घरात आलेलं आजारपण. ते आजारपणच आजच्या लिहिण्याचं कारण आहे. विषय आमच्या धंद्यातला आहे, थोडा रुक्षही आहे, पण नातेवाईक मंडळींनी नेटाने शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. आयसीयूच्या दाराबाहेर चपला काढून बसायची वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येते. (शाप देत नाहीये, अनुभव सांगतेय. :) )

जुलैमध्ये काकूला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि ते रक्तात उतरलं. आधी हुडहुडी भरून ताप, मग असंबद्ध बडबड, मग नुसतीच सुस्त. बाळूने तिला गाडीत घालून तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. रात्री पावणेअकराला त्याचा फोन आला.

"ताई, आईचं बीपी सत्तरच्या वर जातच नाहीये. बीपीचं औषध सुरू केलंय म्हणतात. पण गळ्यातून नळी घातली नाही, हाताच्या सुईतूनच देतायत. हे चालतं का? बाहेर एक जण बसलाय, तो म्हणतो त्या औषधाने हात काळा पडतो."

मी लगेच उत्तर दिलं नाही. बाळूला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. चालतं हेही खरं आणि हात काळा पडतो हेही खरं, आणि रात्री पावणेअकराला घाबरलेल्या मुलाला ह्या दोन्ही गोष्टी एकाच दमात कशा सांगायच्या ते मला सुचत नव्हतं. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते आता लिहून काढतेय. बाळूला विचारून लिहितेय, बरं का.

आधी औषध काय करतं ते. आमच्याकडे त्याला लाडाने 'नॉरअ‍ॅड' म्हणतात, पूर्ण नाव नॉरअ‍ॅड्रेनलिन. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. पाट रुंद झाला, पाणी तेवढंच राहिलं, की टेलच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी पोचत नाही, तसं होतं. किडनी, मेंदू, आतडी ही सगळी तेव्हा टेलची रानं होतात. सलाईन देऊन पाणी वाढवतात, पण तेवढ्याने भागत नाही. मग नॉरअ‍ॅड ह्या सैल पडलेल्या वाहिन्या आवळून धरतं आणि दाब चढतो. सरासरी दाब, ज्याला आम्ही 'मीन' म्हणतो, तो साधारण ६५ च्या वर ठेवायचा असतो.

आवळणं हाच त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडलं तर तिथल्या रक्ताच्या लोंढ्यात ते तत्क्षणी विरघळून जातं. म्हणून गळ्यातून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा मांडीतून लांब नळी घालतात, ती सेंट्रल लाइन. हातावरच्या बारीक शिरेतून देताना मात्र सुई जरा सरकली आणि औषध शिरेबाहेर मांसात झिरपलं, तर ते तिथल्याच बारीक वाहिन्या आवळून टाकतं. तेवढ्या तुकड्याला रक्त मिळत नाही. कातडी आधी पांढरीफटक पडते, गार लागते, मग जांभळी होते, आणि वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही तर मरते. बाहेर बसलेला तो माणूस खोटं बोलत नव्हता.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २००७ साली मी पुण्यात एका हॉस्पिटलात होते, नोकरीला चार वर्षं झालेली. सहा खाटांचं आयसीयू आणि रात्रीला आम्ही दोघी. एक आजी होत्या, सत्तरीच्या, न्यूमोनिया झालेल्या. मनगटाजवळच्या शिरेतून डोपामिन आणि नॉरअ‍ॅड दोन्ही चालू होतं, कारण लाइन सकाळी टाकू असं ठरलेलं. आजी हात झटकून सुई काढत होत्या म्हणून मी तिच्यावर रोलर बँडेज गुंडाळलं. थंडी वाजतेय म्हणाल्या म्हणून वर ब्लँकेट घातलं. माझ्या मते मी दोन चांगली कामं केली होती. पहाटे पाचला स्पंजिंगसाठी बँडेज सोडलं तर हाताच्या मागे तळव्याएवढा भाग पांढरा पडलेला, कडेने जांभळा. पंप एकदाही ओरडला नव्हता. पंप ओरडतो तो नळीत अडथळा आला तर. सैल म्हाताऱ्या कातडीत औषध आरामात शिरत राहतं, पंपाला काय पत्ता?

आजी वाचल्या. मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी त्याच हाताने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू नको रडूस गं, जीव राहिला ना." मला मेमो मिळाला. त्यात लिहिलं होतं तेही खरंच होतं, मी बघितलं नव्हतं. फक्त एवढंच की सहा खाटांना दोघी होतो आणि त्या रात्री शेजारच्या खाटेवर दोनदा छातीवर दाब देत होतो, हे त्या मेमोत कुठे नव्हतं.

त्यानंतर तिथे नियम झाला : नॉरअ‍ॅड हाताच्या शिरेतून कधीच नाही. मला तो नियम फार आवडला. मी पुढे जिथे जिथे गेले तिथे तो कडक पाळला आणि नव्या मुलींनाही पाळायला लावला.

मग २०१४. गाव वेगळं, हॉस्पिटल वेगळं, नियम तोच. अडतीस वर्षांचा माणूस, पायाच्या जखमेतून सेप्टिक झालेला. बीपी साठ. हातात मी स्वतः घातलेली हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे १८ नंबरची, चांगली जाड, कोपराजवळ, रक्त मागे छान येतंय. नॉरअ‍ॅड भरलेली सिरिंज पंपावर लावून तयार. पण लाइन टाकणारे डॉक्टर दुसरीकडे केसमध्ये अडकलेले. फोन केला. "लाइन होईपर्यंत थांबा, सलाईन चालू ठेवा." आम्ही थांबलो. एक तास चाळीस मिनिटं थांबलो. सलाईनवर सलाईन ओतत होतो, लघवी एक थेंब येत नव्हती, आणि त्याची बायको दाराच्या काचेतून बघत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

त्या शंभर मिनिटांमुळेच गेला असं मी म्हणणार नाही. तसा आजार माणसाला वेळेत औषध देऊनही नेतो. पण पंपावर बसलेली ती भरलेली, न जोडलेली सिरिंज अजून डोळ्यांसमोर येते. तिच्यावरचं लेबल माझ्याच अक्षरातलं होतं. २००७ मध्ये मी औषध दिलं आणि बघितलं नाही. २०१४ मध्ये मी बघत बसले आणि औषध दिलं नाही. दोन्हींपैकी कुठली चूक मोठी, हे ज्याने त्याने ठरवावं. मेमो मात्र पहिल्या चुकीलाच मिळतो. दुसरीला कुणी चूक म्हणतच नाही, तिला 'प्रोटोकॉल पाळला' म्हणतात.

त्याच सुमारास आकडे यायला लागले. चीनमधल्या २१३ सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा अभ्यास २०१४ सालीच छापून आला. पहिल्या सहा तासांत नॉरअ‍ॅड सुरू करायला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे मृत्यूचं प्रमाण ५.३ टक्क्यांनी वाढलेलं त्यांना दिसलं. जुनी कागदपत्रं चाळून केलेला अभ्यास आहे, त्याला वेदवाक्य मानू नये. पण मी तो वाचला तेव्हा मला ती सिरिंजच आठवली. २०१५ मध्ये दोन गोष्टी आल्या. एकात जगभरात नोंदल्या गेलेल्या अशा इजांची गोळाबेरीज होती : हातापायांच्या शिरांतून दिल्यावर झालेल्या इजांपैकी सुमारे ८५ टक्के कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खालच्या भागात झालेल्या, आणि कातडीला इजा झालेल्यांत औषध सरासरी दोन दिवसांहून जास्त त्याच शिरेतून चाललेलं. म्हणजे माझ्या आजींसारख्याच केसेस, बारीक शीर आणि लांबलेला वेळ. दुसरा अभ्यास न्यूयॉर्कच्या एका आयसीयूचा. ७३४ रुग्ण, ७८३ वेळा हातातून ही औषधं दिली, १९ वेळा औषध बाहेर झिरपलं, आणि कातडी एकाचीही गेली नाही.

आता इथे बरेच लोक वाचन थांबवतात. "बघा, सुरक्षित आहे!" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला निळ्या सुईतून नॉरअ‍ॅड लावून मोकळे होतात. पण त्या न्यूयॉर्कवाल्यांनी काय काय केलं होतं ते वाचा ना. शीर सोनोग्राफीने मोजली होती, चार मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तरच. सुई २० किंवा १८ नंबरची, मनगटात किंवा पंजावर नाहीच. सुरू करण्याआधी रक्त मागे येतंय का ते बघायचं. दर दोन तासांनी सिस्टरने जागा तपासायची. ७२ तासांची मर्यादा. झिरपलंच तर आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं फेंटोलामिन टोचायचं आणि नायट्रोग्लिसरीनचा मलम लावायचा, दोन्ही हाताशी तयार. एकोणीसच्या एकोणीस हात वाचले ते ह्यामुळे. औषध तिथेही तेच होतं. त्याच्यामागे बघणारा माणूस उभा केलेला होता, एवढाच फरक.

२०२१ च्या ऑक्टोबरात सेप्सिसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' वाली. त्यांनी सरळ म्हटलं, सेंट्रल लाइनसाठी थांबू नका, हाताच्या शिरेतून सुरू करा. सूचना 'कमजोर' दर्जाची आहे, पुरावा फार भक्कम नाही हे त्यांनीच लिहिलंय. आणि सोबत जोडलंय की थोड्याच वेळापुरतं, आणि कोपरात किंवा कोपराच्या वरच्या शिरेतून. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा सहाशेहून जास्त रुग्णांचा अनुभव छापून आला. हातातून सुरू केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना सेंट्रल लाइन कधी लागलीच नाही. ह्याचं महत्त्व बाहेरच्यांना पटकन कळत नाही. गळ्यातली लाइन म्हणजे फुप्फुसाला भोक पडण्याचा, धमनीला टोच लागण्याचा आणि पुढे तिथूनच जंतू शिरण्याचा धोका. निम्म्या लोकांचा तो धोका टळला.

मग माझं मत काय? मी बदलले आहे. हाताच्या शिरेतून द्यावं. न थांबता द्यावं. २००७ चा तो नियम चुकीचा होता, आणि मी तो सात वर्षं अभिमानाने पाळला.

पण ही परवानगी अर्धीच पोचलीये, आणि भीती मला त्या अर्धेपणाची वाटते. 'हातातून चालतं' एवढं गावोगाव पोचलं, 'बघणारी सिस्टर पाहिजे' हे वाटेत गळून पडलं. डॉक्टर कागदावर औषधाचं नाव लिहितात, ताकद लिहितात, तासाला किती मिलिलिटर ते लिहितात. हात कोण बघणार, किती वेळाने बघणार, झिरपलं तर काय करणार, हे लिहायला कागदावर रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते काम आमच्याकडे कुणाचंच नसतं, आणि बिघडलं की सिस्टरचं असतं.

माझ्या मते बघणं हा त्या औषधाच्या डोसाचाच भाग आहे. ते शक्य नसेल तर निदान तेवढं कबूल करावं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर असं पुस्तक सांगतं आणि प्रत्यक्षात एकीला तीन, कधी पाच रुग्ण असतात. त्या मुलीला 'दर तासाला हात बघ' म्हणणं सोपं आहे. पण तिच्या पाचांतले दोन दुसरीकडे दिल्याशिवाय ते म्हणणं म्हणजे पुढच्या मेमोची तयारी.

उलट बाजूही आहे. एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही म्हणता तशा सगळ्या अटी पाळायच्या तर सेंट्रल लाइनच सोपी." बरोबर आहे, कधी कधी असते. डोस चढतच चाललाय, दुसरं औषधही लागतंय, शिरा मिळत नाहीत, तर तासभरात लाइनच टाकावी, हातावर रेटू नये. आणि दंडातली शीर म्हणजे बिनधोक असंही नाही. ती खोल असते, आखूड सुई तिथून सटकते आणि वरून लवकर कळतही नाही. म्हणून लांब सुई हवी आणि बोटाने दाबून बघायची सवय हवी. हे सगळं मान्य. पण लाइन टाकणारा हात रात्री दोनला आपल्या किती आयसीयूंत असतो? सिस्टरचा हात मात्र प्रत्येक ठिकाणी असतो. शिकवायचं तर त्या हाताला शिकवा.

आमच्या आयसीयूत आम्ही आता एवढंच करतो. सुरू करण्याआधी रक्त मागे येतंय का बघतो. औषध पातळ करून घेतो. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधत नाही आणि त्या सुईतून दुसरं काही जोरात ढकलत नाही. दुसऱ्या हातात एक चांगली सुई राखीव. पारदर्शक पट्टी, वर बँडेज नाही, ब्लँकेट तर नाहीच नाही. दर तासाला बोट लावून बघायचं आणि लघवीच्या आकड्याशेजारी सही करायची. ड्युटी बदलताना दोघींनी मिळून तो हात बघायचा. झिरपलंय वाटलं तर औषध दुसऱ्या हाताला लावायचं आणि पहिली सुई उपटून न टाकता तिच्यातूनच जमेल तेवढं मागे ओढून घ्यायचं. फेंटोलामिन आमच्याकडे नेहमी मिळत नाही, तेव्हा नायट्रोग्लिसरीनचा मलम ट्रॉलीत ठेवतो. रकाना मी पट्टीने आखला, झेरॉक्स काढल्या. कुठल्या कमिटीने सांगितलं नव्हतं.

तर बाळूचा फोन. मी त्याला विचारलं, "सुई कुठे आहे? रंग कुठला?" तो म्हणाला, "पंजाच्या मागे. निळा." निळी म्हणजे २२ नंबरची, बारीक. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "सिस्टरला फोन देशील?" दुसऱ्याच्या आयसीयूत फोनवरून नाक खुपसणं मला स्वतःला मुळीच आवडत नाही. तरी खुपसलं.

पोरगी असेल बावीस-तेवीसची. मी म्हटलं, "सिस्टर, मीही आयसीयूतलीच आहे, तुमची चूक काढायला नाही बोलत." ती एकदम म्हणाली, "मॅडम, मलाही ती शीर पटत नाहीये. पण दुसरी मिळत नव्हती आणि बीपी पडत होतं. माझ्याकडे पाच पेशंट आहेत." तिने औषध सुरू केलं होतं ह्याबद्दल मी आधी तिचे आभार मानले. मनापासून मानले. तिने थांबायचं ठरवलं असतं तर ही पोस्ट वेगळी झाली असती. मग आम्ही दोघींनी ठरवलं की भूलतज्ज्ञांना सोनोग्राफीचं मशीन घेऊन यायला सांगायचं, आणि ते येईपर्यंत हात उघडा ठेवायचा. बाळूला तिने शेजारी स्टुलावर बसू दिलं. तो चाळीस मिनिटं आईच्या पंजाकडे एकटक बघत बसला. नातेवाइकाने पहारा द्यावा हा काही उपाय नाही, मला ठाऊक आहे. ते त्याचं काम नव्हे. पण त्या रात्री पाच पेशंटांत मोकळे डोळे तेवढेच होते.

साडेअकराच्या सुमारास दंडात हिरवी सुई बसली. औषध बावीस तास चाललं, मग उतरलं. गळ्यात नळी घालावी लागली नाही. पंजावर रुपयाएवढा लाल डाग राहिला, तो चार दिवसांत गेला. परवा काकूने व्हिडिओ कॉलवर तोच हात नाचवत विचारलं, "काय गं, माझ्या हाताचं एवढं काय कौतिक लावलंय सगळ्यांनी?"

तिला आजींबद्दल सांगितलं नाही. कधीतरी सांगीन.

आणि नातेवाईक मंडळी, तुमच्यावर वेळ आली तर 'हातातून का देताय' म्हणून सिस्टरशी भांडू नका. नुसतं विचारा, "सिस्टर, ह्या हाताकडे कोण बघणार आहे?" चांगली सिस्टर रागावणार नाही. बहुतेक वेळा तिलाही हाच प्रश्न कुणाला तरी विचारायचा असतो.

असो. फार लांबलं. उद्यापासून परत नाईट.